टोपी लावलेल्या लेन्समधलं आकाश

सगळ्यात आधी शैलाताईंचं नाव लिहिते, कारण त्या नसत्या तर मी पुण्यात टिकलेच नसते. नारायण पेठेत त्यांचं फोटो प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. मी आठवीत शाळा सोडलेली, गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली. त्यांनी मला झाडलोटीला ठेवलं आणि सहा वर्षांत प्रिंटिंग, फ्रेम, कॅमेरा सगळं शिकवलं. लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. अंगात येणं, करणी असलं काही बोललं तरी आई रागवायची. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं, ते...

ताईंना ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद. कॅमेरा ट्रायपॉडवर उत्तरेकडे तोंड करून घट्ट बसवायचा आणि हलवायचा नाही. तो आपोआप अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोटो काढत राहतो. तीन तासांचे फोटो एकावर एक ठेवले की ताऱ्यांच्या गोल रेघा दिसतात, मधे ध्रुव तेवढा जागेवर. अगदी शेवटी लेन्सला टोपी लावून थोडे काळे फोटो काढायचे, म्हणजे कॅमेऱ्यातले खोटे ठिपके नंतर पुसता येतात.

ताईंनी जाहीर केलं, "माझा जुना कॅमेरा वर्षभर तुमच्यापैकी एकीकडे राहील. शनिवारी ऋचा फोटो काढेल, रविवारी तू. जिचा चांगला, तिचा कॅमेरा."

ऋचा म्हणजे कर्वेनगरची कॉलेजची मुलगी. दुकानात येऊन दोनच महिने झालेले. तिचे बाबा असले तीन कॅमेरे घेऊन देतील. माझ्याकडे स्वतःचं असं काय होतं? ताई. आणि आता ताई तिच्याशी इंग्रजीत हसायच्या...

शनिवारी ताईंच्या सोसायटीच्या गच्चीवर कॅमेरा लागला. चौकटीत खाली पाण्याची टाकी, वर पुण्याचं नारिंगी आकाश. तासाभरानं ताई आणि ऋचा चहाला खाली गेल्या. "तू थांब ना गं प्लीज, तुला थंडीची सवय असेल," ऋचा म्हणाली.

मी मोबाईलच्या उजेडात लेन्सला टोपी लावली. वीस मिनिटं. सगळ्या रेघा मधेच तुटणार होत्या. कुणी विचारलं असतं तर म्हणणार होते, मला वाटलं काळे फोटो काढायची वेळ झाली. पावलं वाजली तशी टोपी काढली. कॅमेरा तसूभर हलला नव्हता, याची शपथ घेते.

रविवारी मी माझे फोटो काढले. सोमवारी दुकानात ऋचाचे उघडले.

पहिले फोटो नीट. मग त्या वीस मिनिटांचे चाळीस आले. ते काळे असायला हवे होते... पण त्यात आकाश होतं! नारिंगी झाक नाही, टाकी नाही. तारे इतके की बोट ठेवायला जागा नाही. खाली तळ्याच्या बांधासारखी एक पाळ आणि त्यावर मोहाचं झाड, डावी फांदी मोडलेली.

"ओ माय गॉड, हे मी काढलंय?" ऋचा किंचाळली.

ताईंनी चष्मा पुसला. "ध्रुव बोटभर वर आहे. तो वर दिसायला माणसाला उत्तरेला जावं लागतं. आमची गच्ची कुठे जाऊन आली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते झाड आमचं आहे."

"झाडावर नाव लिहिलंय का?" ऋचा हसली.

मी मागच्या खोलीत जाऊन भावाला फोन केला. "काऊन वं बाई, घरची याद येऊन राह्यली का?" म्हणाला, पण बोडीवर जाऊन झाडाचा फोटो पाठवला. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. तीच पाळ, तीच मोडकी फांदी.

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो जळफळाट. चार वर्षं मी घरी गेले नव्हते, आणि माझं गाव आलं ते हिच्या कॅमेऱ्यात! माझ्या रविवारच्या फोटोत टाकी आणि नारिंगी उजेडच. ते आकाश माझं आहे हे सांगायचं, तर टोपी कुणी लावली तेही सांगावं लागणार होतं. मी गप्प बसले.

कॅमेरा ऋचाला मिळाला. ती गेल्यावर ताईंनी त्या चाळीसांच्या आधीचा फोटो मोठा केला. कोपऱ्यात माझ्या स्वेटरची लाल बाही आणि टोपीची काळी कड.

"टोपी तू लावलीस?"

"हो ताई."

त्यांनी तो एक फोटो पुसून टाकला. "ऋचाला मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ. उद्या साडेनऊला दुकान उघड, आणि उशीर नको."

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड शनिवारी ताईंनी स्वतः कोरं करून दिलं होतं. फोटोंच्या वेळाही सलग आहेत. दोघातिघा जाणकारांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. त्या आकाशाचा फोटो आता दुकानात लागलाय, खाली ऋचाचं नाव. रोज मीच त्याची काच पुसते आणि रोज जळते... खोटं कशाला लिहू?

ऋचाला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. आणि ताई, तुम्ही हे वाचाल तेव्हा वाचा, पण एक दिवस तुम्हाला आमच्या बोडीच्या पाळीवर नेऊन उभं करीन. कॅमेऱ्याशिवाय. त्या रात्री जेवण आमच्या घरी.