डोळ्यातलं औषध
ड्रॉपरच्या रबराचा वास आला, की बहिणीची पाठवणी आठवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. सोलापुरातल्या खोलीवर ती माझ्यासोबत राहून स्वयंपाक करायची. संधिवाताने माझी बोटं सुजलेली असत, म्हणून वाळू गेल्यासारख्या खुपणाऱ्या कोरड्या डोळ्यांत औषधही तीच घालायची. पाठवणीला सगळे रडत होते, माझ्या डोळ्यांना मात्र पाणीच येईना. आत्या म्हणाली, "चार बुकं शिकला, आन् भनीसाठी डोळ्यात टिपूस न्हाय." जीपपाशी पोचलेली बहीण मागे फिरली. "दादा, सकाळचं औषध ऱ्हायलं की," म्हणत तिने माझ्या खिशातली बाटली काढली आणि थेंब घातले. ते गालांवर ओघळले. "आलं बाबा एकदाचं पाणी," आत्या म्हणाली. आता माझं मीच घालतो. निम्मं औषध अजून गालावरच जातं.