कोपरापर्यंतची कळ

आईच्या चिमट्याला आमच्या गल्लीत मोठा मान होता. हुपरीच्या बाजूच्या आमच्या गावात घरोघरी पैंजणांचं काम चालतं. आईही म्हशींचं उरकलं की उंबऱ्यात बसून चांदीच्या कड्या एकमेकींत अडकवत राहायची, आणि त्याच बारीक चिमट्यानं गल्लीभरच्या पायांतले काटे काढायची. शेवग्यावरचा सुरवंट लागला की पोरं रडत तिच्याकडंच यायची. बाकीच्या बायका सुरवंट लागलेली जागा घोंगड्याच्या तुकड्यानं खसाखसा घासायच्या, म्हणजे केस निघतात म्हणून. आईला ते पसंत नव्हतं. ती हात उजेडाकडं वळवून एकेक केस उपटायची. मला एकदा मानेवर लागला होता तेव्हा म्हणाली, "हलू नगंस, न्हायतर घोंगडं आणते बघ." मी दगडासारखा बसलो होतो.

पुढं मी विज्ञानाचा शिक्षक झालो आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायला गेलो. वडील गेल्यावर आईला चल म्हणून किती वेळा विनवलं. "म्हशी कुठं बांधू, तुझ्या गच्चीवर?" असं म्हणून ती विषय संपवायची. मग मीच दर रविवारी मोटारसायकल काढून गावी जायचो.

त्या वर्षी गणपती उठले आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एक अळी फिरायला लागली. हिरवीगार, पाठीवर काट्यांचे झुपके, उसाच्या पानावर नाहीतर बांधावरच्या गवतात सापडणारी. लोक तिला घोणस अळी म्हणायचे. नावातच साप, मग काय विचारता. चावली की माणूस खल्लास, असा मजकूर फोटोखाली असायचा. बायका वैरणीला जायला घाबरू लागल्या. मला शिकवायची खोड. मी गावाच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. अळी चावत नाही, तिचे काटे टोचतात. चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे काटे निघतात, मग साबणानं धुवायचं, खायच्या सोड्याचा लेप द्यायचा, वर बर्फ. घोंगडं घासू नका, काटे आणखी आत जातात. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं, या अळीनं माणूस मरत नाही. खाली भराभर अंगठे आले. दोन दिवस मी छाती काढून फिरत होतो.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आई बांधावरून रिकाम्या हातानं परतली. वैरणीचा भारा तिनं तिथंच टाकला होता. ती भारा टाकून येणारी बाई नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. डावं मनगट उजव्या हातात धरून ती उंबऱ्यात टेकली. मनगटावर लाल ठिपक्यांची रांग उठली होती.

"हिरवी व्हती. तीच की रं तुझी, मोबाईलातली."

आता लिहायला लाज वाटते, पण मला थोडा आनंदच झाला. एवढं लिहिलेलं करून दाखवायची संधी घरात चालून आली होती. मी चिकटपट्टी आणली, मनगटावर दाबून बसवली, ओढली. पुन्हा नवी लावली. साबण झाला, सोडा झाला, शेजारच्या काकींच्या फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून झाला. आई शांतपणे माझ्याकडं बघत होती. मध्येच हसून म्हणाली, "तुझ्या बापानं एवढा येळ कवा माझा हात धरला न्हाय."

अर्ध्या तासानं तिचं हसणं थांबलं. "कळ खांद्यात गेलीया रं," ती म्हणाली. कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "वर चढतेच ती. उतरेल." असं कुठंतरी वाचलंही होतं मी, की कळ हातभर चढते, कधी मळमळतं. सगळं माझ्या वाचण्यात बसत होतं. मी तिला पाणी दिलं, भिंतीला टेकवलं आणि बर्फ बदलला.

तेवढ्यात काकी घोंगडं घेऊन आल्या. आईकडं बघितल्यावर ते त्यांनी तसंच काखेत ठेवलं.

"मास्तर, तोंड बघा की आईचं. दवाखान्यात न्या."

"काकी, अळीनं माणूस मरत नाही," मी म्हणालो. ग्रुपवर लिहिलं होतं अगदी तसंच, ठळक.

काकी आईकडं वळल्या. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "त्यो शिकल्याला हाय. बरं वाटाय लागलंय मला," ती म्हणाली. तिला बरं वाटत नव्हतं. चारचौघांत मास्तराचा शब्द खाली पडू नये म्हणून ती तसं बोलली, हे मला तेव्हाही कळलं असावं. मोटारसायकल दारात होती, दवाखाना वीस मिनिटांवर. आईला मागं बसवून गल्लीतून नेलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, मास्तरच घेऊन चालले. त्या एका वाक्याच्या भीतीनं मी बसून राहिलो. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दिवस कलल्यावर ती धार काढायला म्हणून उठली आणि गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसली. तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्यांच्या जीपमधून नेलं. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून दुखतंय, तर मी मनगट दाखवून अळीचं सांगायला लागलो. त्यांनी मनगटाकडं नीट बघितलंही नाही. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती वाचून म्हणाले, "हार्टचा झटका आहे. दुपारीच सुरू झाला असणार. तेव्हाच का नाही आणलं?" कोल्हापूरला हलवायला गाडी येईपर्यंत आई गेली होती.

गावानं ठरवून टाकलं की तिला अळीनं नेलं. पुढचे आठ दिवस बांधाबांधावरचं गवत जाळत होते. एरवी कुणी चुकीचं काही टाकलं की लगेच उत्तर देणारा मी, या वेळी गप्प राहिलो. अळी नव्हे, हृदय, असं लिहायचं तर पुढचंही लिहावं लागलं असतं. दहाव्याला काकी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा काय दोस, मास्तर? अळीच तसली." मी मान डोलावली. ज्या खोट्याशी मी भांडलो होतो, त्याच्याच आडोशाला आता मी राहतो आहे.

म्हशी काकींनी नेल्या. घर बंद असतं, तरी रविवार चुकत नाही. यंदाच्या पावसाळ्यानंतर बांधावरचं गवत फार माजलं म्हणून विळा घेऊन गेलो होतो. पहिल्याच मुठीला डाव्या हाताला काहीतरी भाजल्यासारखं झालं. पान उलटलं तर ती होती, हिरवी, झुपकेदार.

विळा तिथंच टाकून मी घरी आलो आणि उंबऱ्यात आईच्या जागेवर बसलो. चिकटपट्टी आणली नाही, सोडा आणला नाही. कळ खरंच भयंकर असते. बोटांतून मनगटात आली, मनगटातून कोपरापर्यंत आली. डोळ्यांत पाणी आलं. मी त्या कळेकडं लक्ष ठेवून बसलो होतो. ती खांद्यात जायची वाट बघत होतो, एवढ्यासाठी की ती गेली असती तर मला म्हणता आलं असतं, अळीचीही कळ अशीच जाते, कुणालाही फरक कळला नसता.

तास गेला, दीड तास गेला. मग कोनाड्यातला आईचा चिमटा घेतला. काटे दिसत होते, पण चिमटा लागला की डावा हात आपोआप मागं सरायचा आणि तो धरून ठेवायला कुणी नव्हतं. एकही काटा निघाला नाही. उन्हं उतरली तशी कळही उतरायला लागली.

ती कोपराच्या वर आलीच नाही. आईनं मला खांदा म्हणून सांगितलं होतं.