आधी न्याय, दया पुढच्या रविवारी

परळच्या त्या लहानशा चर्चमध्ये इरावती साळवेचा आवाज पाळकसाहेबांपेक्षा मोठा, हे पाळकसाहेबसुद्धा हसत कबूल करतात. जन्मभर तिनं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळले. तिथं हळू बोललेलं ऐकतं कोण? निवृत्तीनंतर दर रविवारी ती चिंचपोकळीहून चालत यायची आणि उपासना आटोपली की बायकांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग घ्यायची. बाकीच्यांना प्रेमळ गोष्टी शिकवायला आवडतं. हिला आवडायचे बायबलातले जुने संदेष्टे, त्यातही आमोस. मेंढरं राखणारा साधा माणूस, पण राजाच्या देवळात जाऊन श्रीमंतांना तोंडावर सुनावून आला. इरावतीला तो अगदी आपला माणूस वाटायचा.

वर्गाची एक रीत होती. शेवटी प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय सांगायचा, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची दारू. रीत चांगलीच आहे, वाईट कोण म्हणेल? पण तिच्या आडून एकीच्या घरातलं दहाजणींच्या घरात कसं पोचतं, ते देव जाणे. त्याला तर ते आधीच ठाऊक असतं, पंचाईत होते ती माणसांची.

कमल ही इरावतीची तरुणपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच होस्टेलवर शिकल्या, एकमेकींच्या साड्या नेसून लग्नांना गेल्या. म्हणून लेकीचं दुखणं इरावतीनं फक्त तिलाच सांगितलं होतं. अक्षदाला कॉलेजात असताना डिप्रेशन आलं होतं, औषधं अजून चालू होती. ठरलेल्या नवऱ्या मुलाला अक्षदानं सगळं स्वतः सांगितलं होतं. त्याच्या घरच्यांना दोघं मिळून सांगणार होती. कमल हे ऐकून रडली. आणि पुढच्याच वर्गात डोळे मिटून, कळवळून म्हणाली, "आपल्या अक्षदासाठी प्रार्थना करू या. तिच्या मनाच्या आजारावर औषधं चालू आहेत."

समोर मुलाची आत्या बसली होती.

सोयरीक मोडली. मुलगा आठवडाभर फोन करत राहिला, मग त्याचेही फोन थांबले. अक्षदानं चर्चला येणं सोडलं. कमल मात्र दर रविवारी दुसऱ्या रांगेत, ठरल्या खुर्चीवर. "मी वाईट काय केलं? प्रार्थनाच मागितली ना?" असं ती चौघींना सांगायची. इरावतीच्या पायांखालची जमीन सरकली होती, आणि ही बाई सॉरीसुद्धा म्हणायला तयार नव्हती. परक्यानं घात केला असता तर तिनं त्याला चार शिव्या घालून विषय संपवला असता. इथं कुणाला घालणार?

मग तिनं वर्गात आमोस काढला.

"आमोस पहिल्यांदा बोलतो शेजारच्या राज्यांबद्दल," ती म्हणाली. "दिमिष्काला शिक्षा होणार, गज्जाला होणार, मवाबाला होणार. ऐकणारे खूश! लोकांची पापं ऐकायला कुणाला आवडत नाही? आणि मग तो वळतो. म्हणतो, आता तुमचं. देवाला ओळखणारे तुम्ही, त्याच्या घरात बसणारे तुम्ही. तुमचा हिशेब आधी."

इरावतीची नजर दुसऱ्या रांगेवर खिळलेली. इथंच थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तीन महिने आत दाबलेलं सगळं एकदम वर आलं.

"माझी पोर वॉर्डात होती," ती म्हणाली. "तिनं काही करून घेऊ नये म्हणून रात्ररात्र तिचा हात धरून बसले मी. आणि त्या पोरीला आपल्यातल्याच एकीनं भर वर्गात उघडं पाडलं. प्रार्थनेच्या नावाखाली!"

कमलचा चेहरा उतरला. अक्षदाची मैत्रीण प्राची वर्गात होती, तिच्या डोळ्यांना पदर लागला. कमल म्हणाली, "इरू, आमोसानं त्याच लोकांसाठी देवाजवळ गयावया पण केली होती ना? क्षमा कर, ही माणसं लहान आहेत, म्हणून? त्यांनी माफी मागायच्या आधीच. ते नाही शिकवणार?"

"ते पुढच्या रविवारी," इरावती म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

घरी येताना तिला हलकं वाटत होतं. तिनं वाटेत बांगडे घेतले, अक्षदाला आवडतात म्हणून. आज कुणीतरी पोरीच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

अक्षदा खिडकीशी उभी होती, हातात फोन.

"प्राचीचा फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होती. म्हणाली, तू एवढं सोसलंस, आम्हाला माहीतच नव्हतं."

"मग? कळू दे सगळ्यांना, कमलनं काय केलं ते."

"आई, कमल मावशीनं गोळ्यांचं सांगितलं होतं." अक्षदाचा आवाज अगदी शांत होता. "वॉर्डचं नाही. मी स्वतःला काही करून घेईन की काय, ही भीती होती, ते नाही. ते फक्त तुला माहीत होतं."

इरावतीच्या हातातली पिशवी ओट्यावर टेकली. "अगं, मी तुझ्यासाठीच..."

"तीपण माझ्यासाठीच म्हणाली होती."

कमलनं एकदा तरी म्हणावं म्हणून तीन महिने जे शब्द तिनं मागितले होते, तेच आता तिला म्हणायचे होते, आणि जीभ उचलत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "चुकलं माझं, बाळा. माफ कर."

अक्षदा बाहेर बघत राहिली. खालच्या वर्कशॉपातली मशीन सुरू झाली, बंद पडली. इरावतीला आता कुणाचाही न्याय नको होता. पोरीनं नुसतं तोंड इकडे करावं, एवढंच हवं होतं.

अक्षदानं केलं नाही.