नामदेवकाकांचा होकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आमच्या अमरावतीच्या हौशी नाटकमंडळीत नामदेवकाका होते. रेल्वेतून निवृत्त, घर बडनेऱ्याला. म्हाताऱ्या बापाची भूमिका करावी तर त्यांनीच. घशाचा आजार निघाला तेव्हा त्यांचा आवाज, चेहरा, हालचाली मी कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या. आठवण म्हणून — असंच सांगितलं होतं मी. खरं काय हवं होतं ते नंतर दवाखान्यात विचारलं. काँप्युटरवर तुमची हुबेहूब आकृती करतो, ती रंगमंचावर झिरझिरीत पडद्यात उभी राहील, मी विंगेत जसा बोलेन-हलेन तशी ती तुमच्या आवाजात बोलेल. काका उठून बसले.

"नोको, बाप्पा. समोरच्याचा श्वास आयकू आल्याबिगर मी कधी बोललो नाही. मेल्यावर मले नाचवू नोको."

यात न समजण्यासारखं काय होतं?

ते गेले. अकोल्याची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि मला — मला ती आकृती उभी करायचीच होती. त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, मी सांगितलं की ही काकांचीच शेवटची इच्छा. मला कसे बोलले नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. मग हो म्हणाल्या.

अकोल्यात पडद्यात काका आले. लोक रडले. बक्षीसही मिळालं. विंगेत मी त्यांच्यासारखा खोकत होतो, त्यांचं ‘नाचवू नोको’ आठवत होतं — तरी थांबलो का? नाही.

पण सांगायचं आहे ते हे नव्हेच.

पुढे एका दुपारी काकू तालमीच्या हॉलवर आल्या. एकदा एकटीला दाखव, म्हणाल्या. मी आडोशाला गेलो, काकांना उभं केलं. काकू पदर सावरत अगदी जवळ गेल्या. मागे मी आहे हे त्यांना ठाऊक होतं — की त्या घटकेला नव्हतं?

"तुमाले हे खरंच पायजे होतं का जी?"

मी बाहेर यायला हवं होतं. मी माइक तोंडाशी धरला. पडद्यात काकांचे ओठ हलले.

"हो. मीच सांगतलं त्याले."

काकूंनी डोळे पुसले, त्या आकृतीला नमस्कार केला आणि ऑटोत बसून घरी गेल्या.

अजूनही भेटल्या की चारचौघांत सांगतात, त्यायनं सोताच सांगतलं मले. मी शेजारी उभा असतो. मान डोलावतो.