माझ्या मयताचा कडू घास

माझ्या मयताला मी जरा उशिराच पोहोचलो. गिरणीच्या कचेरीत साहेबाने थांबवून घेतलं होतं, नाहीतर वेळेवर आलो असतो!

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझा मेहुणा गणपत. (हे नाव घेताना आजही माझे दात आवळले जातात.) हा जेऊर स्टेशनात कामाला. तिथल्या गोऱ्या गार्डाच्या मडमेने मुलुख सोडताना त्याला पत्त्यांचा एक जोड दिला आणि भविष्य पाहायलाही शिकवलं. टॅरो म्हणे! त्यात ना बदाम, ना इस्पिक. नुसती भुताखेतांसारखी चित्रं. ते घेऊन हा सोलापुरात थेट आमच्या घरी! मी कचेरीत, आणि याने बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, पुढ्यात बसवलेलं.

"अक्का, मनात सवाल धर. पत्ते पिस. आता डाव्या हातानं काट. पयला पत्ता मागचं सांगतो, दुसरा आत्ताचं, तिसरा पुढचं. चित्र उलटं पडलं तर अर्थबी उलटा."

हिने सवाल धरला, "ह्यांना बढती मिळंल का?"

पहिला पत्ता निघाला. कड्याच्या टोकावर हसत उभा असलेला माणूस.

"ह्यो येडा. म्हंजी भोळा की."

"अगदी हेच!" ही म्हणाली. ('भोळा' हे तिने ऐकलंच नसणार!)

दुसऱ्यावर उलटा टांगलेला इसम. "अडकून पडलाय."

"कचेरीत!"

तिसऱ्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा.

"ह्ये मरण," गणपत म्हणाला, आणि तंबाखू मळायला थांबला. थांबला! "मरण म्हंजी मरण न्हाय, नुसता बदल," हे पुढचं वाक्य तंबाखू दाढेखाली गेल्यावर आलं. तोवर हिने हंबरडा फोडला होता.

शेजारच्या अंबाक्का धावत आल्या. "काय झालं गं?"

"ह्यांचं मरण!" एवढंच हिच्या तोंडून फुटलं. अंबाक्कांना तेवढं पुष्कळ होतं. बढतीचा सवाल, मडम, पत्ते, हे कोण विचारतो? त्यांनी गल्लीभर आरोळी ठोकली.

संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळलो, तर दारात ही गर्दी! बांबू, सुतळी, मडकं, सगळी तयारी. मी एका पाठमोऱ्या गृहस्थाला विचारलं, "कोण गेलं हो?"

"हितला कारकून. मयत गिरणीतनं यायचंय अजून. लई चिडका माणूस व्हता."

"मी? मी चिडका?" मी असा ओरडलो की त्याच्या हातातलं मडकं फुटलं! बायका किंचाळल्या. दोघं पळाले. सुतळीवाला मात्र जाग्यावरून हलला नाही. मला खालीवर न्याहाळत म्हणाला, "उंचीचा अंदाज बरोबर व्हता की."

गणपत कोनाड्याशी उभा राहून हसत होता. "दाजी, मी सांगत व्हतो, पर कुणी ऐकंना!" आणि त्याने मडमेपासून घोड्यावरच्या सापळ्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली.

"चालता हो! तू, तुझी मडम आणि तो घोडेवाला, तिघंही!" मी पायरीवर छत्री आपटली. छत्री मोडली. राग दुप्पट झाला. हिच्याकडे वळून मी गर्जलो, "आज मी या घरात जेवणार नाही!"

ही डोळे पुसत म्हणाली, "जेवायला हाय कुटं? मयताच्या घरी चूल पेटवत्यात व्हय?"

तेवढ्यात अंबाक्कांनी रीतीप्रमाणे कडू घास आणला. गरम पिठलं आणि ज्वारीची भाकरी. दुखवट्याच्या घरासाठी केलेलं अन्न परत कसं पाठवायचं? मी धुसफुसत पाटावर बसलो, आणि माझ्याच मरणाचं पिठलं दोनदा मागून घेतलं.