मागं कोण आलंय

अगं, ये अशी जवळ. किती दिवसांनी तोंड दाखवतीस! दिरानं घरासाठी कोल्हापूरच्या कोर्टात खेचलं, तेव्हाच्या माझ्या वकिलांचं सांगते. आधी ते एका गिरणीचे पगारी खो-खो खेळाडू. कोर्टातल्या बाकावरही दाराकडं पाठ करून बसायचे, आणि मागं कोण आलं ते न बघता सांगायचे.

निकालादिवशी म्हणाले, "मावशी, तुमच्यामागं कुणी डावा पाय ओढत आलंय. अजून खो दिलेला न्हाई."

मी वळले. "कुणी न्हाई की, वकीलसाहेब!"

डावा पाय माझे मालक ओढायचे. ते केस लागायच्या आधीच गेलेले. वकिलांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

घर मिळालं. इथं एकटीच राहते, पण भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसवत न्हाई बघ. लवकर ये परत.