उलांडी

लहान होडी कलू नये म्हणून तिच्यापासून काही हात लांब, दोन आडव्या बांबूंच्या टोकांना पांगाऱ्याचा ओंडका बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. आज सकाळी किनाऱ्यावर एक म्हातारा ती एकट्यानेच बांधत होता. ओंडक्याखाली त्याने दगड लावला होता, पण काथ्याचा वेढा ओढला की ओंडका दगडावरून घसरायचा.

"खिळे का मारत नाही?" मी विचारलं.

"खिळो मारलो तर पयल्याच लाटेक बांबू फुटतलो. दोरी वायच हलता, म्हणान टिकता." मग दगडाकडे बघत म्हणाला, "आदी घरकारीण धरी. ती गेली, तेवापासून ह्यो दगड."

मी चपला काढल्या आणि ओंडका धरला. घरी मीही एकटाच असतो. चादरीची घडी घालताना तिचं एक टोक हनुवटीखाली दाबून धरतो, आणि घडी वाकडीच होते.

म्हातारा वेढे घेत राहिला. त्याचा प्रत्येक हिसका ओंडक्यातून माझ्या तळहातांपर्यंत येत होता.

"सोडा आता," तो म्हणाला, "गाठ बसली."

हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.